तिला कोणी विचारले?

मराठीत सैनिकाच्या घरच्या बाईसाठी मानाचे शब्द पुष्कळ आहेत. वीरमाता, वीरपत्नी, वीरनारी. पण हे सगळे शब्द सैनिक गेल्यानंतर कामाला येतात. तो हयात आहे, कुठल्यातरी उंच चौकीवर पहारा देतो आहे, आणि त्याची बावीस-तेवीस वर्षांची बायको सासरी पहाटे उठून नळाला पाणी येण्याची वाट पाहते आहे, अशा बाईसाठी भाषेने वेगळा शब्द राखून ठेवलेला नाही. मोहल्ल्यात ती नुसती 'फौजीची बायको' असते. पंधरा ऑगस्टला शाळेत भाषण करायला आलेले पाहुणे मात्र तिच्याबद्दल एक वाक्य हमखास बोलतात. सैनिकाबरोबर त्याच्या पत्नीचा त्यागही मोठा असतो, असे ते वाक्य. टाळ्या पडतात, सभा संपते.

आमचा प्रश्न त्या वाक्यातल्या 'त्याग' या शब्दाबद्दल आहे. त्याग म्हणजे आपल्या मालकीची वस्तू आपल्या मर्जीने सोडणे. कुर्बानीच्या जनावराबाबतही आपल्याकडे हाच नियम आहे. जनावर स्वतःच्या मालकीचे हवे. दुसऱ्याच्या गोठ्यातले सोडून आणले तर ती कुर्बानी होत नाही. भरतीच्या मैदानावर धावला तो नवरा. कागदावर सही केली त्याने, शपथ घेतली त्याने. या सगळ्यात ती कुठेच नव्हती. बहुतेक वेळा तर तेव्हा तिची सोयरीकही ठरलेली नव्हती. मग तिच्या आयुष्यातली जी वर्षे या नोकरीत खर्ची पडतात ती कोणाची कुर्बानी म्हणायची? आणि त्याबद्दल तिला कोणी विचारले होते?

यावर एक तयार उत्तर मिळते. मुलगा फौजेत आहे हे ठाऊक असूनच तिने निकाह कबूल केला ना? वकील आणि साक्षीदार तिच्यापाशी आले, तिने होकार दिला, सही केली. हे उत्तर अगदीच टाकाऊ नाही. मुलीच्या रजामंदीला आपल्या धर्मात मोठे स्थान आहे, भले व्यवहारात तिचा होकार पुष्कळदा आई-बापच गृहीत धरोत. पण एका होकारात किती गोष्टी मावतात? एकवीस वर्षांच्या मुलीने एका माणसाला होकार दिला. पहिले बाळंतपण नवऱ्याविना होईल, ईदच्या सकाळी शिरखुर्म्याची वाटी हातात घेऊन फोनकडे पाहत बसावे लागेल, मूल आपल्या बापाला ओळखणार नाही, याचा होकारही तिने त्याच दिवशी दिला होता असे म्हणणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही घेऊन नंतर वर मजकूर लिहिण्यासारखे आहे. व्यापारात आपण असा करार मान्य करत नाही.

आम्ही इगतपुरीची माणसे. वाट पाहणे हा या गावाचा जुनाच उद्योग आहे. १८६५ साली थळ घाट चढून रेल्वे वर आली तेव्हापासून हे गाव गाडीच्या वेळेवर जेवते आणि झोपते. कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिने लागतात, सदतीसास एक असा तो चढ ढकलत गाडी वर आणतात आणि इगतपुरीला सुटी होतात. ड्रायव्हर, गार्ड, फायरमन, शेडमधले फिटर यांच्या बायकांच्या कित्येक पिढ्या इथल्या क्वार्टरांत आणि मोहल्ल्यांत वाट पाहण्यातच म्हाताऱ्या झाल्या. रात्री-अपरात्री कॉलबॉय दार ठोठावायचा आणि भरल्या ताटावरून माणूस उठून जायचा. तेव्हा आमच्या गावाला वाट पाहणाऱ्या बाईचे नवल नाही.

तरी रेल्वेवाल्याच्या बायकोची वाट आणि फौजीच्या बायकोची वाट एक नव्हे. रेल्वेवाला रनिंग रूमवर झोपून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दारात उभा राहतो. त्याच्या ड्यूटीचे तास ठरलेले आहेत, ते ओलांडले तर बोलायला युनियन आहे. १९७४ साली रेल्वे कामगारांनी देशभर संप करून दाखवला होता. सैनिकाला यातले काही नाही. घटनेचे ३३ वे कलम संसदेला सैनिकांच्या मूलभूत हक्कांना मर्यादा घालण्याचा अधिकार देते, आणि संघटना बांधण्याचा हक्क त्या मर्यादेतच अडकतो. सैन्यासाठी ते आवश्यक आहे, त्याबद्दल आमचे म्हणणे नाही. पण बंद झालेले ते दार एकट्या त्याच्यासाठी बंद होत नाही. त्याच्या घरातली बाई कोणत्याही हजेरीपटावर नाही, तरी तीही गप्प राहायला शिकते. नवऱ्याच्या नोकरीला धक्का लागेल ही भीती तिला कोणी शिकवावी लागत नाही.

गप्प राहण्यावरून आठवले. आमच्या गावात १९७६ पासून धम्मगिरी आहे. देशोदेशीची माणसे तिथे येतात, फोन जमा करतात आणि दहा दिवसांच्या शिबिरात मौन पाळतात. स्टेशनवर उतरणारे ते पाहुणे पाहून आम्हाला कधी कधी वाटते की याच गावात, या टेकडीच्या खालच्या अंगाला, एखाद्या मुलीचा फोन आठ आठ दिवस वाजत नाही. तेही मौनच. फक्त ते तिने निवडलेले नाही, म्हणून त्याला साधना म्हणत नाहीत.

आणि गाडीने तासाभराच्या आत देवळाली आहे. तोफखान्याची शाळा तिथे, भरती झालेल्या जवानांचे आर्टिलरी सेंटर जवळच नाशिक रोडला. इंग्रजांच्या काळात देवळालीला मोठा ट्रान्झिट कँप होता. मुदत संपलेले गोरे सोल्जर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथे महिनोन्महिने पडून असत. उन्हाने, तापाने, रिकामेपणाने त्यांची डोकी फिरत. त्यावरून इंग्रजीत वेडसर माणसासाठी 'डूलॅली' असा शब्दच रूढ झाला. त्याच्या जुन्या रूपातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. काही महिने घराची वाट पाहिली म्हणून पुरुषांच्या नावाने एक शब्द कोशात गेला. त्यांच्या घरच्या बायका इकडे डोळे लावून बसल्या होत्या त्याच मुदतीत, त्यांच्या वाट्याला शब्द आला नाही. असो.

आमच्या मोहल्ल्यातली एक मुलगी आहे. नाव देत नाही. तिला ते आवडणार नाही. माहेर घोटीच्या बाजूचे, भातशेतीवाले. सासर इगतपुरीत, सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले. नवरा तोफखान्यात. निकाहनंतर तिच्या कानावर पडलेला पहिला फौजी शब्द 'पार्ट टू ऑर्डर'. निकाहनामा, जोडीचा फोटो, आणखी कागद युनिटच्या ऑफिसात जातात आणि ही ऑर्डर निघते. ती निघेपर्यंत फौजेच्या दफ्तरी जवान अविवाहित असतो. ही मुलगी हसून सांगते, "माझा निकाह दोनदा झाला. एकदा काझीसाहेबांपुढे, एकदा क्लार्कसाहेबांपुढे." पुढे दोन वर्षे नवऱ्याला पीस पोस्टिंग होते. वेटिंग लिस्टमध्ये नंबर लागला, दोन खोल्यांचे फॅमिली क्वार्टर मिळाले, तिथेच मुलगा झाला. मग युनिट फील्डला गेले. फील्डमध्ये कुटुंब नेता येत नाही. ती मुलाला घेऊन इगतपुरीला परत आली.

सासरी तिला कशाची कमतरता आहे असे नाही. खायला-प्यायला आहे, सासू-सासरे चांगले आहेत. इथल्या पावसात चार चार दिवस कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, मुलाला खोकला लागतो. हे सगळ्यांनाच आहे. तिचा खरा प्रश्न फोनचा होता. चौकीवरून त्याला रेंज मिळेल तेव्हा फोन येई. कधी दहा मिनिटे, कधी चार. फोन वाजला की सगळे घर गोळा होई. आधी अम्मी बोलणार, कारण आई. मग अब्बा. मग लग्न होऊन माहेरी आलेली नणंद असेल तर ती. मग मुलाच्या कानाला फोन लावायचा, तो काहीच बोलणार नाही, सगळे त्याला "अब्बू म्हण, अब्बू म्हण" करणार. शेवटी फोन तिच्या हातात येई तेव्हा एक तर आवाज तुटत असे, नाही तर तो म्हणे, आता ठेवतो, मागे लाइन लागली आहे. आणि ते अर्धे मिनिटही भरल्या घरात. चार माणसांदेखत बायको नवऱ्याला काय विचारणार? औषधे घेता का, एवढेच.

हा प्रश्न लहान दिसतो. पण त्या दहा मिनिटांवर पहिला हक कोणाचा, हे ठरवायला बसले तर भले भले अडतील. आईचा हक सगळ्यांत वरचा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिने त्याला नऊ महिने पोटात ठेवले. बायकोचाही हक आहे, आणि तो तिच्याखेरीज दुसऱ्या कोणी पूर्ण करू शकत नाही. आईच्या काळजीला बहीण, सून, शेजारीण वाटेकरी होऊ शकतात. बायकोच्या एकटेपणाला कोण वाटेकरी होणार? आमचे मत असे की हक मोठा कोणाचा हे पाहण्याआधी, कोणाच्या वाट्याचे दुसरीकडून भरून निघू शकते आणि कोणाचे नाही, हे पाहिले पाहिजे. त्या घरात हा निवाडा कोणा आलिमने केला नाही. तिच्या सासूनेच केला. तीही इंजिन ड्रायव्हरची बायको. पस्तीस वर्षे तिने कॉलबॉयच्या हाका ऐकलेल्या. एके दिवशी फोन वाजला तसा तिने तो उचलला, सुनेच्या हातात दिला, आणि नातवाला कडेवर घेऊन पडवीत गेली. "माझं काय, मी त्याला पंचवीस वर्षं ऐकलंय," एवढेच म्हणाली. तेव्हापासून तो क्रम बदलला. नणंदेला ते आवडले नाही, अजूनही आवडत नाही.

रजेचे तरी काय? जवानाला वर्षाला साधारण साठ दिवसांची वार्षिक रजा आणि तीस दिवसांची किरकोळ रजा असते. कागदावर नव्वद दिवस. ती तुकड्यातुकड्यांनी मिळते, कधी ऐन वेळी रद्द होते, आणि त्यातले काही दिवस गाडीत जातात. आलेला माणूस घरात पाऊल टाकतो तोच गळके छप्पर, बँकेतले काम, भावाची सोयरीक, दोस्तांच्या दावती त्याची वाट पाहत असतात. रजेवरचा फौजी हा सगळ्या खानदानाचा पाहुणा. बायकोच्या वाट्याला रात्री उशिरा थकून आलेला माणूस येतो.

इथे हजरत उमर (रजि.) यांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. खिलाफतीच्या काळात ते रात्री मदिनेत गस्त घालत. एका रात्री एका घरातून बाईचा आवाज त्यांच्या कानी आला. ती आपल्या एकटेपणाचे शेर म्हणत होती. चौकशी केली तेव्हा कळले की नवरा मोहिमेवर गेला आहे, पुष्कळ दिवस झाले. हजरत उमर तिथून आपल्या मुलीकडे, हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे गेले आणि त्यांनी विचारले की बाई नवऱ्याविना किती काळ राहू शकते? बापाने मुलीला विचारावा असा हा प्रश्न नव्हे. दोघांनाही संकोच झाला. हजरत हफ्सांनी उत्तर दिले. काही रिवायतींत चार महिने आहे, काहींत सहा. त्यानंतर कोणत्याही सैनिकाला त्या मुदतीपलीकडे घरापासून दूर ठेवू नये, असा हुकूम सेनापतींना गेला.

ही गोष्ट वाझमध्ये आपण अनेकदा ऐकली आहे, पण ती बहुधा खलिफाच्या न्यायीपणाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. आम्हाला तिच्यात वेगळेच काही दिसते. खलिफाने त्या बाईच्या सबराची तारीफ केली नाही. तिच्या घरी धान्याचे पोते पाठवून ते मोकळे झाले नाहीत. ती शेर म्हणते म्हणून तिला दटावलेही नाही. त्यांनी विचारले. आणि विचारले तेही जिला ठाऊक आहे तिला. हजरत हफ्सांचे पहिले पती हजरत खुनैस (रजि.) बद्रच्या लढाईतले, ते गेले तेव्हा त्या ऐन तरुण होत्या. लढणाऱ्याची बायको म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. मग जे उत्तर आले त्याप्रमाणे फौजेचा नियम बदलला, बाईचा स्वभाव बदलायला कोणी गेले नाही. त्या काळात तर इराण आणि रोम अशा दोन आघाड्या उघडलेल्या होत्या. माणसांची गरज नव्हती असे कोण म्हणेल?

आपल्या शरियतीत बाईच्या थांबण्याला जागोजागी मोजमाप आहे. बायकोजवळ न जाण्याची कसम खाल्लेल्या पुरुषाला चार महिन्यांची मुदत. विधवेची इद्दत चार महिने दहा दिवस. बेपत्ता नवऱ्याबद्दल मालिकी फिक्हच्या आधाराने १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात चार वर्षे आली. या आकड्यांवर वाद घालता येईल. पण थांबण्याला अंत असतो आणि तो तिच्या हिशेबाने ठरतो, हे तत्त्व त्यांच्यामागे आहे.

कोणी म्हणेल, प्रेमाला मुदत कसली? अशी एक मराठी स्त्री आहे. दमयंती तांबे. बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. १९७० साली त्यांचे लग्न हवाई दलातले फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांच्याशी झाले. डिसेंबर १९७१ च्या युद्धात त्यांचे विमान पाकिस्तानात पडले. वैमानिक जिवंत पकडले गेल्याची बातमी तिकडच्या वर्तमानपत्रात आली, त्यात त्यांच्या नावाशी मिळतेजुळते नाव होते. युद्धकैदी परतले तेव्हा तांबे त्यांत नव्हते. संसार जेमतेम दीड वर्षाचा. दमयंतीबाईंनी दुसरे लग्न केले नाही; सरकारदरबारी खेटे घातले, आणि २००७ साली बेपत्ता सैनिकांच्या नातेवाइकांबरोबर पाकिस्तानातले तुरुंग पाहून आल्या. हाती काही लागले नाही.

त्यांच्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण त्या थोर आहेत त्या एवढ्यासाठी की थांबायचे हे त्यांनी स्वतः ठरवले. ते त्यांच्या मालकीचे होते आणि त्यांनी ते दिले. त्याग शब्द तिथे पुरेपूर शोभतो. त्यांचे उदाहरण घेऊन दुसऱ्या एखाद्या तरुण विधवेला 'बघ, ती कशी थांबली' असे सांगू लागलो की तेच उदाहरण फटक्यासारखे वापरले जाते. आणि ते तसे वापरले जाते. शौर्यपदक मिळालेल्या सैनिकाच्या विधवेला पदकाचा भत्ता पुनर्विवाहानंतर चालू राहायचा तो फक्त एकाच अटीवर: तिने मृत नवऱ्याच्या भावाशी लग्न केले तर. केंद्र सरकारने ही अट २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये काढली. म्हणजे तोपर्यंत बाई सासरच्या अंगणातच राहावी असा सरकारचाही हिशेब होता. आणि २०२४ साली सियाचिनमध्ये गेलेल्या एका तरुण कॅप्टनचे कीर्तिचक्र त्याच्या पत्नीने राष्ट्रपती भवनात स्वीकारले, तेव्हा चार दिवस तिच्या अश्रूंची तारीफ झाली आणि पाचव्या दिवसापासून ती कुठे राहते, पैसे कोणाला मिळाले, आता ती काय करणार याची चर्चा ज्याला त्याला करावीशी वाटली. तारीफ करणाऱ्याला असे वाटू लागते की आपण काहीतरी दिले, आता हिशेब मागायला हरकत नाही.

मुसलमान सैनिकाच्या बायकोवर याहून एक ओझे जास्त आहे. ते आपल्याच घरातले असल्यामुळे त्याबद्दल मोकळे बोलले पाहिजे. कोणी आपल्या वतनपरस्तीवर शंका घेतली की आपल्याकडून पहिले नाव निघते ते अब्दुल हमीद यांचे. मग ब्रिगेडियर उस्मान, मग कारगिलमधले कॅप्टन हनीफुद्दीन. इतिहास माहीत असलेला एखादा जुन्या मराठा पलटणींतल्या दख्खनी मुसलमानांच्या कंपन्यांपर्यंत मागे जातो. ही नावे खरी आहेत, अभिमानाची आहेत. पण एखाद्याच्या शहादतीचा उपयोग सर्टिफिकेटसारखा करू लागलो की त्याच्या घरच्या बाईला त्या कागदाला जपत बसावे लागते. तिने थकून जायचे नाही. 'त्यांनी आता पंधरा वर्षांवर नोकरी सोडावी, मला बास झाले' असे म्हणायचे नाही. म्हटले तर तिच्या घरची गोष्ट राहत नाही, कौमची मान खाली जाते. शंका घेणाऱ्याला उत्तर देण्याचे काम एका बावीस वर्षांच्या मुलीच्या एकटेपणावर लादण्याचा हक आपल्याला कोणी दिला? ज्याला शंका आहे त्याने ती बाळगावी. आपला हक पुराव्यावर उभा नाही.

अब्दुल हमीद यांनी सप्टेंबर १९६५ मध्ये असल उत्तरच्या रणात पॅटन रणगाडे फोडले, हे शाळकरी पोरालाही पाठ असते. त्यांच्या पत्नी रसूलन बीबी त्यानंतर सुमारे चोपन्न वर्षे जगल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. नवऱ्याची कबर पंजाबात रणभूमीवर, त्या उत्तर प्रदेशात गाझीपूर जिल्ह्यात. १९६६ च्या जानेवारीत परमवीर चक्र हातात घेतानाचा त्यांचा फोटो आहे. त्या फोटोनंतरच्या चोपन्न वर्षांत मुले कशी वाढली, दळण कोणी आणले, आजारपणात उशाशी कोण बसले, हे विचारावेसे किती जणांना वाटले?

उशाशी कोण बसले, हाच प्रश्न शेवटी कामाचा आहे. लढाईला गेलेल्याच्या घराची जो नीट काळजी घेतो तोही जणू लढाईत सामील झाला, अशा अर्थाची एक हदीस आहे. तो काळ वेगळा, त्या लढाया वेगळ्या. पण त्यातला हिशेब पाहण्यासारखा आहे. मागे राहिलेल्या घराचे काम हे उपकारात किंवा खैरातीत मोजलेले नाही, ते मोहिमेचाच भाग धरले आहे. पाणी भरणारी शेजारीण आणि तोफ ओढणारा जवान एकाच हजेरीपटावर आले.

या मुलीच्या बाबतीत अशी शेजारीण साताऱ्याकडची होती. क्वार्टरच्या मधल्या भिंतीपलीकडे राहायची. तिचा नवरा त्याच युनिटमध्ये, हुद्द्याने एक पायरी वर. सैन्यात ही पायरी बायकांच्या मैत्रीतही आडवी येते. नवऱ्याच्या दंडावरच्या फिती पाहून वेलफेअरच्या मेळाव्यात बायकांच्या बसण्याच्या जागाही आपोआप ठरतात. पहिले सहा महिने ही तिला "ताई, तुम्ही" म्हणायची आणि कँटीनच्या रांगेत मागे उभी राहायची. मग एका रात्री दोन वाजता हिच्या पोटात कळा सुरू झाल्या. दोघींचेही नवरे फायरिंग रेंजवर. ताईने गाडी मागवली, हिला एमएचमध्ये नेले, रात्रभर बाहेरच्या बाकावर बसून राहिली. सकाळी मुलाला पहिल्यांदा तिने घेतले. हिची अम्मी इगतपुरीहून पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता, आणि तोवर बाळाच्या कानात अजान द्यायला युनिटच्या मौलवीसाहेबांना निरोप धाडण्याचे कामही तिनेच केले होते. "ताई, तुम्ही" जाऊन "अगं तू" कधी झाले ते दोघींच्याही लक्षात नाही. रमजानमध्ये सहेरीला हिला जाग यावी म्हणून ती भिंतीवर लाटणे आपटायची. गौरीच्या फराळाला हिच्या हातच्या करंज्या जायच्या.

आपल्याकडची मैत्री बहुधा वारशाने येते. आई तिच्या आईची मैत्रीण, म्हणून ती माझी मैत्रीण. एका गल्लीत जन्मलो, एका मदरशात शिकलो. ती तुटत नाही, आणि निवडलेलीही नसते. क्वार्टरमधली मैत्री पहिल्या दिवसापासून मुदतीची असते. पोस्टिंगची ऑर्डर येणार, पांढऱ्या रंगात नाव-नंबर घातलेल्या काळ्या पेट्या बाहेर निघणार, आणि ही आसामात तर ती राजस्थानात जाणार, हे दोघींना ठाऊक असते. मग इतका जीव का लावायचा? काही बायका लावत नाहीत. आधीच्या दोन पोस्टिंगांत पोळलेल्या असतात. त्यांना दोष देता येत नाही. पण ज्या लावतात त्यांच्यात आम्हाला एक गोष्ट दिसते. परतफेडीची आशा तिथे मुळातच नसते. जिच्या बाळंतपणात मी रात्र जागले ती माझ्या बाळंतपणाला असेलच असे नाही, बहुधा नसेलच. माझ्यासाठी दुसरीच कोणी जागेल, जिला मी अजून ओळखतही नाही. मोहल्ल्यातला व्यवहार देण्या-घेण्याच्या वहीत लिहिला जातो, लग्नातल्या आहेराप्रमाणे. ही उधारी अशी की घेतली एकीकडून आणि फेडायची तिसरीला. आणि ती फेडली जाते.

इगतपुरीला परत आल्यावर या मुलीला सगळ्यांत जास्त काय जाणवले, असे आम्ही विचारले. आम्हाला वाटले होते, नवरा. ती म्हणाली, ती भिंत. इथे घरात सात माणसे आहेत, पण भिंतीवर कोणी थाप मारत नाही. सात माणसे तिच्यावर लक्ष ठेवतात, तिच्याकडे लक्ष देणारी एक सासू. दुपारी फोन घेऊन बसली की नणंद विचारते, कोणाशी बोलतेस? ताईशी बोलते, असे सांगितले तर पुढचा प्रश्न, रोज रोज काय असते त्या हिंदू बाईशी? युनिटमध्ये हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

ताईचा नवराही त्याच चौकीच्या बाजूला आहे. कधी याचा फोन येत नाही तेव्हा त्याचा येतो, आणि साताऱ्याहून निरोप कळतो की दोघेही ठीक आहेत, रस्ता बंद आहे एवढेच. कधी उलटे होते. रेंज नसलेल्या दिवसांत दोन घरांचे काम एका फोनवर भागते.

आता पुढच्या आठवड्यात ताई मुलीला घेऊन दोन दिवस इगतपुरीला येते आहे. सातारा, पुणे, कल्याण आणि मग घाट. सासूने वरची खोली झाडून घेतली आहे, पावसात गळणाऱ्या कोपऱ्याखाली पातेले ठेवले आहे. मोहल्ल्यातल्या बायका विचारतात, येणारी तुझी कोण? बहीण म्हणावे तर आडनाव वेगळे, मैत्रीण म्हणावे तर त्यांना शाळेतली वाटते. ही सांगते, "क्वार्टरवाली." बायकांना अर्थ लागत नाही. सासू मध्ये पडून म्हणते, हिच्या पोराला पहिल्यांदा घेतले ती.